खुनशी शब्दाचं कार्ड

"रागीट आणि खुनशी यांत नेमका फरक काय हो, साडूभाऊ?" धाकट्याने विचारलं.

थोरल्यांनी मान वर केली नाही. "अठ्ठावीस वर्षं शब्दकोशात घासली मी. माझी परीक्षा घेताय?"

"परीक्षा कसली! उदाहरण अडलंय."

"रागीट माणूस भांडतो आणि विसरून जातो. खुनशी माणूस वर गोड बोलतो आणि आत डूख धरतो. घ्या लिहून."

धाकट्याने मुकाट्याने कार्डावर लिहून घेतलं. बघा, उदाहरणसुद्धा उसनं!

कोशाच्या कचेरीत दोघांची टेबलं समोरासमोर होती. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे, त्यामुळे मोकळेपणाने भांडायचीही सोय नाही. मुख्य संपादक निवृत्त होत होते आणि खुर्ची या दोघांपैकी एकाला मिळणार होती. थोरल्यांच्या नोकरीची दोनच वर्षं उरली होती. आता नाही तर कधीच नाही.

नेमके तेव्हाच ते आजारी पडले. दोन महिन्यांनी परत येऊन बघतात तर त्यांचा भलामोठा 'ख' धाकट्याच्या टेबलावर, आणि त्यांच्यापुढे धाकट्याचा चिमुकला 'घ'!

"तब्येतीला झेपेल तेवढंच करा," मुख्य संपादक म्हणाले होते.

थोरल्यांचा नुसता जळफळाट झाला. धाकटा रोज साहेबांच्या खोलीत जायचा, दार लावून बोलायचा, बाहेर आला की यांच्याकडे बघून हसायचा. बारा वर्षांपूर्वी त्याच्या नोकरीच्या अर्जातल्या चुका थोरल्यांनी सासऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या. सगळं घर खो खो हसलं होतं. हा गडी ते विसरला असेल? छे! केसाने गळा कापतोय.

कचेरीचा नियम कडक होता. नोंदवहीत ज्याच्या नावावर जे अक्षर, ते तपासणीच्या शुक्रवारी पुरं हवं. शब्द गहाळ, तर माणूस बाद. एका शब्दाला एकच कार्ड, नक्कल ठेवायची पद्धत नव्हती.

थोरल्यांनी जीव ओतून 'घ' पुरा केला. असा 'घ' कोशात झाला नव्हता.

गुरुवारी दुपारी सगळे जेवायला गेले. थोरल्यांनी 'ख'ची पेटी उघडली, 'खुनशी'सकट बारा कार्डं उपसली आणि कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत फाडून टाकली. परत येताना भूक कडकडून लागली होती.

शुक्रवारी निवड समितीने दोन्ही पेट्या तपासल्या. संध्याकाळी मुख्य संपादकांनी दोघांना आत बोलावलं.

"'घ' अप्रतिम," ते म्हणाले. "'ख'मध्ये बारा शब्द नाहीत."

थोरल्यांनी चेहरा पाडायचा प्रयत्न केला. "अरेरे! आता?"

"आता काय! खुर्ची यांना." साहेबांनी धाकट्याकडे बोट दाखवलं.

"यांना? अहो, 'घ' मी केलाय!"

"केलात तुम्ही. पण नोंदवहीत 'घ' त्यांच्या नावावर आहे. 'ख' तुमच्या." साहेब खुर्चीत मागे टेकले. "तुम्ही अंथरुणावर होतात तेव्हा हे माझ्याकडे आले. म्हणाले, 'ख' साडूभाऊंच्याच नावावर राहू द्या, मी पुरा करतो. मोठं अक्षर आहे, समितीवर छाप पडेल, खुर्ची त्यांचीच आहे. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून गळ घातली. रोज येऊन शंका विचारायचे, तुमच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून."

धाकट्याने थोरल्यांचे दोन्ही हात धरले. त्याचे डोळे भरले होते.

"साडूभाऊ, मला माफ करा. ती बारा कार्डं माझ्याच हातून राहिली असणार."