सहावी वायर

दस्तगीर मिस्त्रीनं दिवंगत डॉक्टरांच्या जुन्या गाडीच्या इंजिनाचं सपाट हेड उचललं आणि आत बॅटरी मारली. पाच पिस्टन काजळीनं काळे होते. सहावा लख्ख.

"बाई, ह्यो सिलिंडर कैक वर्सं पेटलाच न्हाई बघा."

डॉक्टरांची मुलगी, कुमुदिनीबाई, वाकून बघू लागल्या. मिस्त्रीला चैन पडेना. रिंगा चांगल्या होत्या, व्हॉल्व्ह नीट बसत होते, मग बिघाड कुठं? शेवटी त्यानं बाजूला काढलेल्या प्लगच्या वायरी तपासल्या. सहावीच्या टोकावर ठिणगी पोचू नये म्हणून कुणीतरी रबर चढवून वर सुतळी गुंडाळली होती. अगदी निगुतीनं.

त्यानं सुतळी कापून रबर काढून टाकलं.

पंधरा दिवसांनी सहाही सिलिंडर चालू झाले. बॉनेटवर ठेवलेल्या चहाच्या कपात तरंगही उठेना. बाई स्टिअरिंग धरून ऐकत राहिल्या.

"छान झालंय. पण आमची वाटत नाही."

"म्हंजी?"

"आमची लंगडायची. तो आवाज ओळखून वस्त्यांवरची माणसं आजारी माणसाला घेऊन रस्त्यावर येऊन थांबायची. बाबा कुणाला इंजिनाला हात लावू द्यायचे नाहीत. का, ते आत्ता कळतंय."

मिस्त्रीनं कप उचलला, बॉनेट उघडलं आणि फडक्यानं धरून सहावी वायर काढली. गाडी लंगडायला लागली.

 स्टिअरिंग सोडून, बाबांची जागा मोकळी ठेवून, बाई हळूच शेजारच्या सीटवर सरकल्या.