वहिनीचं सामान

दादा वारल्यावर वहिनीने घर विकलं, तेव्हा सामान हलवायला धाकटा दीर पिकअपमागे ट्रेलर जोडून आला. कपाट, शिलाई मशीन, दादाच्या अवजारांची पेटी, सगळं जड सामान त्याने पुढे, पिकअपच्या बाजूला रचलं. वजन मागे गेलं की ट्रेलर शेपूट हलवतो आणि उतारावर गाडीलाही उलथवतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी गल्लीच्या तोंडाशीच ट्रेलर झोकांड्या खाऊ लागला.

“भावजी, गाडीला पाजलीत की काय?”

दिराने उतरून साखळ्या तपासल्या, दोर आवळले, कपाट आणखी पुढे ढकललं. ट्रेलर पुन्हा डुलला, आणि समोर तर उतार लागत होता.

“वहिनी, असे उतरलो तर दोघंही थेट दादाकडेच पोचू.”

वहिनी उतरली आणि ट्रेलरच्या मागे जाऊन उभी राहिली.

“अहो, विकलेल्या घराकडे किती वेळ बघत बसणार? पुढे सरका बघू.”

 

ट्रेलर उतारभर अगदी सरळ आला. मात्र वहिनी केबिनमध्ये परतायच्या आधीच पिकअपची मागची बाजू एका माणसाच्या वजनाएवढी खाली दबली होती.