तापणारा प्रोसेसर

"प्रोसेसरच गेलाय," इलिंकानं संगणकाच्या उघड्या पेटीतून डोकं बाहेर काढत सांगितलं. "बाकी सगळं बदलून झालं."

गाव्रिल, तिचा बाप, बस डेपोत इंजिनं दुरुस्त करी. रोमानियातल्या वास्लुई गावात त्याच्या हाताला नाव होतं. पण हा संगणक बापलेकीनं जुने सुटे भाग जमवून घरीच जोडलेला, आणि त्याचं दुखणं काही त्याला कळत नव्हतं.

दुखणं असं, की रविवारी इटलीहून त्याची बायको दोम्निका बोलायला बसली की मध्येच तिचं चित्र अडकायचं. चेहरा थिजायचा, आवाज बंद. गाव्रिल घाईघाईनं बटण दाबून संगणक पुन्हा सुरू करायचा. तोवर तिची निघायची वेळ झालेली. "म्हातारीला औषध द्यायचंय. पुढच्या रविवारी बोलू," एवढंच ती म्हणायची.

दोम्निका तिथं एका म्हातारीला सांभाळत होती. गल्लीतल्या निम्म्या घरांतल्या बायका अशाच परक्यांच्या म्हाताऱ्या सांभाळायला गेलेल्या. दोम्निकाला जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं. गाव्रिलला तिची आठवण सगळ्यात जास्त जेवताना यायची, म्हणून तो उभ्यानंच जेवून घ्यायचा. रविवारचं ते बोलणं हाच काय तो संसार उरला होता, आणि त्यातही हे यंत्र आडवं येत होतं.

केबल बदलली, नेटवाला येऊन गेला, मेमरी बदलली. शेवटी शेजारच्या तुदोरनं प्रोसेसर काढून नेला आणि आपल्या संगणकात लावून पाहिला. तो मोबाइलच्या दुकानात कामाला होता.

"दिवसभर पळवला, एकदाही अडकला नाही," तो म्हणाला. "तुमच्याकडे नक्की कधी अडकतो?"

"ठरलेलं नाही," इलिंका म्हणाली. "कधी लगेच, कधी बऱ्याच वेळानं. मागच्या खेपेला बाबा विचारत होते, इस्टरला येणार ना, तेवढ्यात अडकला. त्याच्या आधी विचारत होते, घर आठवतं का."

"म्हणजे तापल्यावर."

"माझ्या बोलण्यानं तापत असेल," गाव्रिल म्हणाला. "हिची आईपण तापायची."

तुदोर हसला. त्यानं स्वतःचा प्रोसेसर त्यांच्या पेटीत बसवून दिला. "रविवारी यावर बोला. आणि काका, अडकला तर लगेच बटणावर हात नको. इंजिन कुरकुरलं की तुम्ही आधी कान देता ना? तसंच नुसतं बघत बसा. बिघाड तेव्हाच सापडतो."

रविवारी गाव्रिलनं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. दोम्निका दिसली, आणि चित्र अगदी स्वच्छ होतं.

"काय जेवलात?"

"सारमाले."

"कोबीची पानं कोणी गुंडाळली?"

"मी."

"मग खिमा पातेल्यात सांडला असेल."

"बाहेरही सांडला," इलिंका म्हणाली, आणि तिघंही हसले. बराच वेळ गप्पा चालल्या. चित्र एकदाही अडकलं नाही. इलिंकानं बापाकडे पाहून मान हलवली. रोग सापडला होता.

गाव्रिलला धीर आला. तो खुर्ची ओढून पुढे सरकला.

"दोम्निका, या इस्टरला येतेस ना? यायचं नसेल तर तसं सांग. पण सांग. तुझ्यावाचून करमत नाही गं मला."

चित्र अडकलं. ओठ अर्धवट उघडे, डोळे खाली वळलेले, आवाज बंद.

गाव्रिलचा हात सवयीनं बटणाकडे गेला. इलिंकानं त्याचं मनगट धरलं.

"थांबा, बाबा. तुदोर काय म्हणाला? नुसतं बघा."

दोघं बघत राहिले. दोम्निका हलत नव्हती, पापणीसुद्धा नाही. तिच्या मागच्या सोफ्यावर म्हातारीचं मांजर उठून बसलं, त्यानं अंग ताणलं आणि उडी मारून ते निघून गेलं.