उतरल्यावरचा आकडा

बावीस किलो घटवून आज बरोबर वर्ष झालं होतं आणि त्यातला एकही किलो मी परत फिरकू दिला नव्हता. घास न् घास वहीत लिहिला, पाऊल न् पाऊल मोजलं. सकाळी मिरवतच वजनकाट्यावर चढले. अठ्ठावन्न.

"अहो, बघा तरी," म्हणत मी खाली उतरले.

आकडा शून्यावर गेला नाही. बावीसवर थांबला.

"सेल संपले असतील," म्हणत नवरा चढला आणि उतरला. त्याच्यामागे शून्य आलं. मी पुन्हा चढून उतरले. बावीस.

मला तर हसूच आवरेना. वर्षभर तोंडाला न लावलेला केक आज मुद्दाम आणला होता. एक तुकडा खाल्ला, तर काट्यावरचा आकडा शंभर ग्रॅमने वाढला. धावत जाऊन चढले. मी अठ्ठावन्नच.

"अहो, खातेय मी आणि चढतंय तिथे. आजपासून ती वही बंद." नाचायचं तेवढं बाकी होतं. उतरून दुसरा तुकडा उचलला.

"आता शून्य झालं गं," नवरा हळूच म्हणाला. "उतरलं वाटतं."

हातातला तुकडा मी अजून चावलाही नव्हता. तो अर्धा झाला होता.