अण्णांची नजर

अण्णा वारल्यावर शिरीषने त्यांचा टीव्ही मॉनिटर म्हणून कॉम्प्युटरला जोडला. सगळा मजकूर डावीकडे गोळा झाला. उजवी बाजू कोरीच राहिली.

"बिघडलाय वाटतं."

"बिघडला कसला! बघणाऱ्याला जिथे दिसतं तिथेच चित्र दाखवतात हल्लीचे टीव्ही," सुलभा म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "हा अजून अण्णांच्याच नजरेवर आहे. उजवीकडचं त्यांना दिसत नसणार, अहो."

जेवताना शिरीष कायम अण्णांच्या उजवीकडे बसायचा. त्यांनी लक्ष दिलं नाही की म्हणायचा, "मुलापेक्षा टीव्ही बरा, नाही का अण्णा?" अण्णा नुसते हसायचे.

पडद्यावर प्रश्न उमटला: 'जुनी नजर पुसायची?'

शिरीषने 'नाही' निवडलं आणि खुर्ची डावीकडे ओढून घेतली.