बुजू दे

बाळ तीस तासांचं होतं. नर्सने त्याच्या पायाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि त्याला उचलून थेट काचेच्या पेटीत ठेवलं. हृदयाशी काहीतरी उघडं राहिलंय, एवढंच माझ्या कानावर पडलं. मी लगेच आईला फोन केला. "छिद्र आहे गं. ते बुजू दे म्हणून देवाला सांग."

"बसतेच बघ आता. बुजेपर्यंत उठायची नाही."

चार तास मी येरझारा घालत होतो. वॉचमन म्हणाला, "बसा हो, फरशी झिजेल." मग डॉक्टरबाई आल्या आणि कागदावर चित्र काढून सांगायला लागल्या. "फुफ्फुसाकडे जाणारा मुख्य रस्ता जन्मापासूनच बंद आहे. पोटात असताना प्रत्येक बाळाला एक जादा नळी असते, ती जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत मिटते. तुमच्या बाळाचं रक्त सध्या फक्त तिच्यातूनच फुफ्फुसात जातंय."

"मग त्याच्या हाताला लावलंय ते सलाईन कशाचं?"

"ती मिटू नये म्हणून. उद्याच्या ऑपरेशनपर्यंत ती उघडी राहायलाच हवी."

मी जिन्यात पळालो, फोन लावला. "आई, बसलीयेस अजून?"

"म्हणजे काय. पायांना मुंग्या आल्यात नुसत्या."

"थांब गं, माझं चुकलं. ते बुजलं तर बाळ हातचं जाईल. उघडंच राहायला हवंय ते."



 

"मग तू फोन ठेव आधी. देवाने ऐकायच्या आत मला गाठू दे त्याला."