भिंतीच्या रंगाचं दार

"दार दिसायला नको," मेट्रनबाई म्हणाल्या.

तिने रंगांच्या यादीतून भिंतीचा सायीसारखा रंग निवडला आणि स्क्रीनवरच्या तपकिरी दारावर क्लिक केलं. दार फिकट झालं. चौकट मात्र तशीच राहिली, रिकामी.

आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींची मॉडेलं करणं हे तिचं काम. ही इमारत स्मृती गेलेल्या वृद्धांच्या आश्रमाची होती, आता नव्याने रंगवायची; मेट्रनबाई तिथल्याच. शेजारच्या खुर्चीत तिचे बाबा बसले होते. घरी आज त्यांच्यापाशी थांबायला कुणी नव्हतं, म्हणून सोबत आणावं लागलं. सकाळपासून ते सातव्यांदा उठले.

"चल, उशीर झाला."

"कुठे जायचंय, बाबा?"

"जायचंय."

एका हाताने तिने त्यांची बाही धरली, दुसऱ्या हाताने चौकट रंगवली.

"आता मूठ," मेट्रनबाई म्हणाल्या.

"मुठीलासुद्धा तोच रंग?"

"अहो, मागच्या महिन्यात एक आजी बाहेर पडल्या. दोन दिवसांनी सापडल्या, पुलाखाली." बाईंचा आवाज खाली आला. "दार दिसलं की यांचे पाय थांबत नाहीत हो."

ते तिलाही ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात तिने बाबांना गल्लीबोळ पालथे घालून शोधलं होतं. कुठल्याशा इमारतीच्या चौथ्या मजल्यावर ते अनोळखी दारं ठोठावत होते. त्याच संध्याकाळी भावाने या आश्रमाचा अर्ज भरला. स्क्रीनवरच्या याच मार्गिकेतली तिसरी खोली. बाबांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

तिने मुठीवर क्लिक केलं. आता नुसती भिंत उरली.

बाबा वाकले. नाक अगदी स्क्रीनला लागेल एवढे.

"इथे राहतं कोण?"

"तुमच्या वयाची माणसं."

"आणि दार?"

मेट्रनबाईंनी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

एकतीस वर्षं घरोघर टपाल वाटलेला माणूस होता तो. नवख्या पोस्टमनला झापावं तसे ते तिच्यावर खेकसले, "दार नाही, तर पत्र टाकायचं कुठे?"

मग तिने त्या भिंतीवर, छातीइतक्या उंचीवर, एक लहानशी पेटी बसवली. यादी उघडली. सायीचा रंग ओलांडून खाली गेली आणि पेटीवर लाल रंग चढवला.

मेट्रनबाई खुर्ची ओढून पुढे आल्या. "हे काय?"

"टपालपेटी."

"अहो, दिवसभर काहीबाही कोंबत बसतील त्यात! चमचे, मोजे, कवळ्या..."

"कोंबू देत."

"आणि रिकामी कोण करणार? माझ्या बायकांना श्वास घ्यायला फुरसत नाही."

"मी येत जाईन," ती म्हणाली. "किल्ली तेवढी माझ्याकडे द्या."